आरतीची वही आणि गिट



डॉक्टर बोलणार म्हटले की लोक मधुमेहावर काहीतरी ऐकायच्या तयारीने येतात. होमिओपॅथ असला तर साबुदाण्याच्या गोळ्यांवरचे दोन विनोदही तयार ठेवतात. आज त्यांतले काही नाही. मी संगणकावर बोलणार आहे आणि मला संगणक येत नाही, हे आधीच कबूल करतो. दवाखान्यातल्या औषधांची यादी छापण्यापलीकडे माझी मजल नाही. पण माझ्या हातून एक चूक झाली आणि ती निस्तरताना, साठी उलटल्यावर, मला एक विद्या शिकावी लागली. तिचे नाव डिस्ट्रिब्युटेड व्हर्जन कंट्रोल. सोप्या मराठीत, एकाच मजकुरावर अनेकांनी आपापल्या जागी बसून काम करायचे आणि कोणी, कधी, काय, का बदलले याचा हिशेब प्रत्येकाच्या जवळ राहायचा, याची पद्धत.

आधी चूक सांगतो.

आमचे घराणे मूळ बेळगावकडचे. आजोबा कापडाच्या धंद्यासाठी डिचोलीत आले आणि इथलेच झाले. आम्ही दिगंबर जैन, त्यामुळे चवथीला आमच्या घरी माटोळी नसे. पण चवथीच्या आधी महिनाभर आमच्या ओट्यावर जेवढी गर्दी असे तेवढी ज्यांच्या घरी गणपती त्यांच्याकडेही नसेल. कारण वडिलांचे अक्षर. दुकानाच्या खतावण्या लिहून लिहून हात असा बसला होता की शाईचा ठिपका कधी पडला नाही. वाड्यावरची माणसे जुनी आरतीची वही घेऊन येत. "अण्णा, पाने सुटली, नवी करून द्या." वडील लाल कापडाची बांधणी असलेली दुकानातली कोरी वही काढत, रात्री जेवणानंतर बसत आणि उतरवून देत. अशा किती वह्या त्यांनी केल्या याचा हिशेब नाही. लेकी लग्न होऊन पेडण्याला, साखळीला, काही बांद्याला गेल्या, त्यांच्या ट्रंकांतून वह्याही गेल्या.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मला वाटले, या सगळ्यांचे एक पुस्तक करावे. वाड्यावरून सहा वह्या गोळा केल्या, टाइप करून घेतल्या, मुद्रिते मी तपासली. एका ग्रामदेवतेच्या आरतीत 'माटव' असा शब्द होता. गोव्यातल्या माणसाला माटव म्हणजे मांडव हे सांगायला नको. मला वाटले, मराठी आरतीत हा कोकणी शब्द कोणा नकलणाऱ्याच्या हातून शिरला. मी सगळीकडे 'मांडव' केले. एक कडवे सहापैकी एकाच वहीत होते, तेही मागाहून घुसडलेले समजून गाळले. दोनशे प्रती छापल्या, फुकट वाटल्या. वह्या ज्यांच्या त्यांना परत दिल्या. घरातली वडिलांची स्वतःची वही पुढे वाळवीने खाल्ली. पुस्तक झालेच आहे, म्हणून कोणी हळहळले नाही. मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी चवथीला पुतणीच्या सासरी पेडण्याला गेलो होतो. घुमट, शामेळ, कांसाळे जमले, आरत्या सुरू झाल्या. तिच्या आजेसासूबाई नव्वदीच्या घरातल्या. तरुण मुले माझ्या पुस्तकातून म्हणत होती आणि या बाई डोळे मिटून त्यांच्या पुढे एक कडवे जात होत्या. आरती संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, "दोतोर, आमचें कडवें खंय गेलें?" मग आतून वही आणवली. लाल कापडाची बांधणी. पहिल्या पानावर माझ्या वडिलांचे अक्षर, शेवटी शके आणि तिथी. आत 'माटव'. आत ते कडवे.

म्हणजे वडिलांनी माटवच लिहिले होते. पेडण्याच्या वहीत काहीही बिघडलेले नव्हते. 'मांडव' हा शब्द माझा होता, आणि आज पंचविशीची मुले तोच परंपरेचा म्हणून म्हणत आहेत.

माझी पुतणी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम पेडण्याच्या घरात बसून करते. ती म्हणाली, "काका, तुम्ही केलेत ते आम्ही रोज करतो. फक्त आमच्याकडे ते गुपचूप करता येत नाही." या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला पुढचे सहा महिने लागले.

संगणकाचा प्रोग्रॅम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच. हजारो फायली, लाखो ओळी, आणि त्यांत रोज फेरबदल करणारी शेकडो माणसे. एका ओळीत बदल केला आणि चार दिवसांनी दुसरीकडे काहीतरी बंद पडले, तर काल काय होते हे पाहायला हवे. आपण घरी काय करतो? 'लेख', 'लेख अंतिम', 'लेख अंतिम दुरुस्त', 'लेख खरेच अंतिम' अशा फायली करतो आणि छापायला तिसरीच पाठवतो. सभागृहात हसणाऱ्यांपैकी निम्मे आपल्या मंडळाच्या वार्षिकात लिहिणारे आहेत.

या त्रासावर पहिला नावाजलेला इलाज १९७२ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी केला, दुसरा १९८० नंतर वॉल्टर टिची यांनी. त्यांत एकाने फाइल घेतली की तिला कुलूप लागे. ग्रंथालयातले पुस्तक कोणी नेले की बाकीच्यांनी वाट पाहायची, तसे. पुढे सीव्हीएस आणि सबव्हर्जन आले. त्यांत कुलपाची गरज उरली नाही, पण मूळ दप्तर एकाच मोठ्या संगणकावर असे. तुम्ही आपला एक-चौदाचा उतारा आठवा. कचेरीत गेलात तर उतारा मिळतो, आजची स्थिती कळते. त्यापूर्वी कोणाचे नाव होते, ते कसे उडाले, हे दप्तरात, आणि दप्तर कचेरीत. कचेरी बंद, कारकून रजेवर, तर तुमच्या हातात फक्त कागद. सबव्हर्जनमध्ये प्रोग्रॅमर असाच उतारा घेऊन बसलेला असे. एखादी नोंद पक्की करायची तर कचेरी उघडी हवी, म्हणजे नेटवर्क चालू हवे.

तिसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला उतारा मिळत नाही, सगळे दप्तर मिळते, पहिल्या दिवसापासूनच्या सर्व नोंदींसह. याला क्लोन म्हणतात. माझ्या पुतणीच्या लॅपटॉपवर तिच्या कंपनीच्या त्या प्रकल्पाचा सगळा इतिहास आहे, पुण्यातल्या तिच्या सहकाऱ्याकडेही तेवढाच आहे. दोन्ही प्रती तोडीस तोड. पावसाळ्यात पेडण्याला वीज गेली, नेट गेले, की ती बॅटरीवर काम करत राहते. बदल करते, त्याची नोंद स्वतःच्याच प्रतीत पक्की करते. या पक्क्या नोंदीला कमिट म्हणतात. नेट आले की नोंदी पाठवते, तो पुश. दुसऱ्यांच्या नोंदी उतरवून आपल्यात मिसळते, तो पुल. लिहिण्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही. परवानगीचा प्रश्न येतो तो जुळवताना.

या जातीच्या पद्धती २००५ च्या आधीही होत्या, पण गाजली ती गिट. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स या प्रणालीचे काम सुरू केले. जगभरचे लोक त्यात भर घालू लागले. पहिली दहा-अकरा वर्षे बदल ईमेलने येत आणि टोरवाल्ड्स ते हाताने बसवत. २००२ पासून त्यांनी बिटकीपर नावाचे एका कंपनीचे साधन वापरले. ते या कामासाठी अटींवर फुकट मिळत होते. २००५ मध्ये वाद होऊन कंपनीने ती सवलत काढून घेतली. पर्याय आवडेनात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टोरवाल्ड्स स्वतःच लिहायला बसले. चारएक दिवसांत ते साधन स्वतःचाच इतिहास सांभाळू लागले होते. त्याच महिन्यात मॅकॉल यांनी मर्क्युरियल हे त्याच जातीचे दुसरे साधन सुरू केले. जुलैमध्ये गिटची देखभाल जुनियो हमानो यांच्याकडे आली. आज जगातले बहुतेक सॉफ्टवेअर गिटवर लिहिले जाते, आणि फक्त सॉफ्टवेअरच असे नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांनी केलेला 'मुक्ता' हा देवनागरी फाँट तुमच्यापैकी अनेकांच्या वाचनात रोज येतो. त्याच्या फायलीही अशाच खुल्या ठेवलेल्या आहेत, कोणीही सगळी प्रत उतरवून घ्यावी.

आता आत काय चालते ते सांगतो. इथे जरा कान द्या. मला हे कळायला वेळ लागला, पण कळल्यावर दोन रात्री झोप आली नाही.

गिटला दिलेल्या प्रत्येक मजकुराचा ते एक ठसा काढते, चाळीस अक्षरांचा, ० ते ९ हे अंक आणि इंग्रजीतली पहिली सहा अक्षरे यांचा बनलेला. तोच मजकूर कुठेही, कोणीही दिला तरी ठसा तोच. 'मांडव' मधला अनुस्वार काढा, चाळीसच्या चाळीस अक्षरे पालटल्यासारखी होतात. माझ्यासारख्या शुद्धलेखनाच्या भोक्त्याला हे फार आवडले. कमिट म्हणजे त्या घटकेला सर्व फायली कशा होत्या याचे चित्र. ज्या फायली बदललेल्या नाहीत त्या पुन्हा साठवत नाहीत, जुन्या ठशाकडे बोट दाखवतात. कमिटमध्ये नाव, तारीख, वेळ, बदलाचे कारण, आणि आधीच्या कमिटचा ठसा असतो. या सगळ्याचा मिळून पुन्हा ठसा. म्हणजे साखळीतली प्रत्येक कडी मागच्या कडीला धरून बसलेली. मी मागे जाऊन पंचवीस वर्षांपूर्वीची नोंद बदलली तर तिचा ठसा बदलेल, म्हणून तिच्या पुढच्या सगळ्यांचे बदलतील, आणि पेडण्याच्या प्रतीशी माझी प्रत जुळेनाशी होईल. माझ्या प्रतीत मी काहीही करू शकतो. दुसऱ्याच्या प्रतीत तो बदल नकळत शिरवू शकत नाही.

ठसा अगदी अभेद्य आहे असे नाही. २०१७ मध्ये गूगल आणि अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेच्या संशोधकांनी त्याच पद्धतीने दोन वेगळ्या फायलींचा एकच ठसा काढून दाखवला. म्हणून अधिक लांब ठशाकडे जाण्याचे काम चालू आहे. नोंदीत नावही खोटे लिहिता येते, त्यासाठी डिजिटल सहीची सोय वेगळी करावी लागते.

बदलाचे कारण लिहिण्याविषयी एक शब्द. आमच्या व्यवसायात केस पेपर असतो. रोगी तीन महिन्यांनी परत आला की आधी काय दिले यापेक्षा का दिले हे हवे असते. "नक्स दिले" हे वाचून काही कळत नाही. "पहाटे तीनला जाग, चिडचिड, म्हणून नक्स" हे वाचून पुढचा विचार सुरू होतो. आणि जुन्या नोंदीवर पांढरा रंग फासायचा नसतो, रेघ मारून बाजूला सही करायची असते. पुतणी म्हणते, तिच्या कंपनीतली मुले कारणाच्या जागी "दुरुस्ती" एवढेच लिहितात. तुम्ही तरी का नावे ठेवता, मी दोनशे प्रतींत तेवढेही लिहिले नव्हते.

आता जुळवणी. दोघांनी एकाच प्रतीपासून सुरुवात करून वेगवेगळे बदल केले. एक करताना गिट फक्त या दोन प्रती पाहत नाही, दोघांचा जवळचा समान पूर्वजही शोधते. तीन मजकूर शेजारी ठेवते. पूर्वजात एक शब्द, पहिल्यात तोच, दुसऱ्यात वेगळा. म्हणजे दुसऱ्याने बदलला, पहिल्याने हात लावला नाही. गिट दुसऱ्याचा घेते. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर दोन्ही बदल घेते. दोघांनी एकाच ओळीला वेगवेगळा हात लावला असेल तर थांबते, दोन्ही पाठ खुणा करून एकाखाली एक ठेवते आणि माणसाला सांगते, तू ठरव. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात.

मी पुतणीला विचारले, "मग वडिलांची वही पूर्वज, पेडण्याची वही तशीच, आणि माझ्यात 'मांडव'. गिटने काय केले असते?" ती म्हणाली, "तुमचा मांडव घेतला असता, काका. त्याला बरोबर-चूक कळत नाही. कोणी बदलले एवढेच कळते."

मी अस्वस्थ झालो. एवढे यंत्र, आणि माझी चूक पकडणार नाही? पण मग लक्षात आले की चूक पकडणे हे त्याचे काम नाहीच. त्या ओळीशेजारी माझे नाव, तारीख आणि कारण राहिले असते. पंचवीस वर्षांनी कोणीही विचारले असते, हा शब्द कोणाचा? उत्तर तिथेच असते. पेडण्याच्या त्या आजींना "खंय गेलें" म्हणून विचारायची पाळी आली नसती.

ही गोष्ट संगणकाने शिकवली असे मात्र मी मानत नाही. आमच्याच समाजातला दाखला देतो, आणि तो अर्धा आपल्या मराठी मुलखातला आहे. आम्हा दिगंबरांचा षट्खंडागम हा सिद्धान्तग्रंथ, वीरसेनांच्या धवला टीकेसह, शतकानुशतके कर्नाटकात मुडबिद्रीच्या बसदीत ताडपत्रांवर होता. लिपी जुनी कन्नड, भाषा प्राकृत. भाविकांनी दर्शन घ्यायचे, वाचायचे नाही. एकच दप्तर, एकच कुलूप. वाळवी लागली असती, आग लागली असती, तर आमचा सगळ्यात जुना ग्रंथ संपला असता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरच्या हिराचंद नेमचंद आणि मुंबईच्या माणिकचंद या शेटजींनी खटपट केली आणि नक्कल करायला सुरुवात झाली. नक्कल करणाऱ्यांत गजपती उपाध्याय होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने घरी आणखी एक प्रत गुपचूप तयार केली आणि ती बाहेर नेली, अशी हकीकत सांगतात. ती सहारनपूरला पोचली, तिच्यावरून पुढच्या प्रती झाल्या. लक्ष्मीबाईंनी क्लोन केला, असे माझी पुतणी म्हणते. चोरी म्हणा, पुण्य म्हणा, तुमचे तुम्ही ठरवा.

१९३९ साली अमरावतीहून प्राध्यापक हिरालाल जैन यांनी पहिला भाग छापला. पुढच्या वीसेक वर्षांत सोळा भाग झाले. सुरुवातीला त्यांच्यापुढे मूळ ताडपत्र नव्हते. अमरावती, आरा आणि आपल्या विदर्भातले कारंजा येथील प्रती होत्या, आणि या सगळ्या त्या एका बाहेर आलेल्या प्रतीच्याच पोरी. तिन्ही प्रतींत एकच पाठ आला म्हणून तो खरा असे म्हणता येत नव्हते, कारण आईची चूक तिन्ही मुलींत उतरणार. आता वर सांगितलेला समान पूर्वज आठवा. प्रती किती आहेत हे महत्त्वाचे नसते, त्या कुठे फुटल्या हे महत्त्वाचे असते.

पहिल्या भागात एका सूत्रात, त्र्याण्णवाव्या, 'संजद' म्हणजे संयत हा शब्द असायला हवा असे संपादकांना अर्थावरून वाटले. प्रतींत तो नव्हता. स्त्रीच्या मोक्षाचा प्रश्न त्या एका शब्दावर येऊन ठेपत होता. संपादकांनी तो मूळ सूत्रात गुपचूप घातला नाही. तळटीपेत सांगितले की इथे हा शब्द सुटलेला दिसतो. समाजात मोठे वादळ उठले. पुढे मुडबिद्रीशी सहकार्य जमले, ताडपत्राशी पडताळणी झाली, आणि तो शब्द तिथे सापडला.

मी हे लहानपणी पंडितांकडून ऐकले होते. आरतीचे पुस्तक करताना मात्र आठवले नाही. तळटीप लिहायला काय लागते? एक ओळ.

एकाच प्रतीच्या भरवशावर राहिल्याने काय होते याचा आमच्या वैद्यकातलाही दाखला आहे. हानेमान यांनी आपल्या 'ऑर्गेनॉन'ची सहावी आवृत्ती १८४२ मध्ये पॅरिसला पूर्ण केली. पुढच्या वर्षी ते वारले. हस्तलिखित पत्नीकडे आणि तिच्यामागे वारसांकडे राहिले. छापून आले १९२१ साली, रिचर्ड हेल यांच्या हातून. मधली जवळजवळ ऐंशी वर्षे सगळे होमिओपॅथ पाचव्या आवृत्तीवर वाद घालत होते आणि गुरूने आपले मत बदललेले होते. याउलट आपल्या गोव्यातले ख्रिस्तपुराण. फादर स्टीफन्स यांचा हा मराठी ग्रंथ रायतूरला १६१६ मध्ये छापला, नंतर १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. त्या तिन्ही छापील आवृत्तींची एकही प्रत आज सापडत नाही. लोकांनी हाताने उतरवलेल्या प्रती उरल्या, म्हणून १९०७ मध्ये मंगळूरला सालढाणांना तो पुन्हा छापता आला. छापखाना गेला आणि वह्या राहिल्या.

कोणी म्हणेल, प्रत्येकाची प्रत पूर्ण, तर मग मुख्य कोण? सगळे मुख्य म्हणजे कोणीच नाही. माझीही तीच शंका होती. लिनक्समध्ये प्रती हजारो आहेत, पण लोक टोरवाल्ड्स यांच्या प्रतीला मुख्य मानतात. ते यंत्राने ठरवलेले नाही, विश्वासाने ठरलेले आहे. त्यांच्या हाताखाली एकेका भागाचे सांभाळणारे आहेत, त्यांच्याकडून बदल वर येतात. उद्या लोकांचा विश्वास उडाला तर दुसऱ्याच्या प्रतीकडे वळतील, आणि तीही पूर्णच असेल. आपल्या देवस्थानच्या महाजनांना हे सांगू नका.

गंमत अशी की अशी विकेंद्रित सोय हातात असताना लोकांनी पुन्हा एका जागी गर्दी केली. २००८ मध्ये गिटहब सुरू झाले, २०१८ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. ते काही वेळ बंद पडले की जगभर प्रोग्रॅमर हात बांधून बसतात, असे पुतणी सांगते. दप्तर त्यांच्याच लॅपटॉपवर असते, पण सवय कचेरीची.

एक इशारा मात्र डॉक्टर म्हणून देतो. यात गेलेली गोष्ट सहज पुसता येत नाही, तोच तिचा गुण. म्हणून रोग्यांचे केस पेपर मी यात कधीही ठेवणार नाही. माणसाला आपले काही विसरले जावे असा हक्क असतो. आरतीला तो लागत नाही. शिवाय फोटो, मोठमोठ्या स्कॅन फायली यांना गिट सोयीचे नाही, ते मजकुरासाठी आहे. पानांचे फोटो आम्ही वेगळे ठेवतो.

आम्ही म्हणजे मी, पुतणी आणि वाड्यावरची दोन कॉलेजातली मुले. सहापैकी चारच वह्या परत सापडल्या, पेडण्याची पाचवी. प्रत्येक वही जशी आहे तशी टाइप केली, अगदी ऱ्हस्व-दीर्घासकट. माझा हात शिवशिवत होता, पण पुतणीने माझ्या प्रतीतला बदल मुख्यात घ्यायचा की नाही हे स्वतःकडे ठेवले आहे. सगळ्यात जुनी, तारीख असलेली वही आधी नोंदवली, बाकीच्या तिच्या फांद्या म्हणून. माझे पुस्तकही एक फांदी आहे. त्या फांदीच्या पहिल्या नोंदीत मी स्वतः कारण लिहिले: "माटव चुकीचा समजून मांडव केले. एक कडवे गाळले. आधार काही नव्हता." टाइप करायला मला वीस मिनिटे लागली.

आज पूर्ण प्रती तीन ठिकाणी आहेत: डिचोलीला दवाखान्याच्या संगणकावर, पेडण्याला, आणि पुण्याला पुतणीच्या मैत्रिणीकडे. मंडळाने चौथी ठेवावी अशी विनंती आहे. आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी वही असेल, लाल बांधणीची असो वा नसो, त्यांनी ती देऊन टाकू नये. दाखवायला आणावी. पानांचे फोटो काढू, वही तुम्ही घरी न्या. कारवारी, मालवणी, कुठलीही वळणे असली तरी लाजू नका.

एका जागी मात्र अजून कॉन्फ्लिक्ट तसाच आहे. त्या गाळलेल्या कडव्याची शेवटची ओळ डिचोलीच्या एका वहीत एक आहे, पेडण्याच्या वहीत दुसरी, आणि सगळ्यात जुन्या वहीचे नेमके ते पान नाही. दोन्ही अक्षरे वडिलांचीच. मला एक पाठ बरा वाटतो, पण माझ्या वाटण्याचा इतिहास आता तुम्हांला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात पावसात पेडण्याला दोन दिवस वीज नव्हती. तिसऱ्या दिवशी रात्री दवाखाना बंद करताना मी पुल केले, तर पुतणीच्या सात नोंदी उतरल्या. सातवी टिपणांच्या फायलीत होती, कारणाच्या जागी तिने लिहिले होते: "आजींना दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. त्या म्हणाल्या, एक माहेरची, एक सासरची. दोन्ही ठेवल्या आहेत."